शब्दांचा माग (लेखांक ९) : चिकंबरि ते चिकमारा

गेल्या आठवड्यात आपण तुर्कस्तानात, हित्ती लोकांच्या हत्तुशा या राजधानीत होतो. तिथले लेखनिक हित्ती मजकुरात लुवियन शब्द आला, की पुष्कळदा त्याच्याआधी एक-दोन तिरप्या खुणा करत. त्यावरून शब्द परका आहे एवढं कळतं, पण अर्थ लागतोच असं नाही. काही शब्द सगळ्या मृत्तिकापटांत मिळून एकदाच येतात, आणि एकदाच आलेल्या शब्दाला दुसरा साक्षीदार नसतो.

आता आपल्याकडे येऊ. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड परिसरात देवटेक नावाचं गाव आहे. तिथल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. पहिला प्राकृतात, अशोककालीन वळणाच्या ब्राह्मीत. त्यात कुणा ‘सामि’ची, म्हणजे स्वामीची, आज्ञा आहे : प्राणी पकडू नयेत, मारू नयेत. दुसरा लेख संस्कृतात आहे. तो वाकाटक राजा रुद्रसेन पहिला याचा, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. त्यात राजाच्या ‘धर्मस्थाना’चा उल्लेख येतो. दोन्ही लेखांत सहाएकशे वर्षांचं अंतर आहे.

शिळेची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या काळातच झाली होती. पण झिजलेल्या अक्षरांचा नीट मेळ घातला तो नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी. पहिल्या लेखात त्यांनी ‘चिकंबरि’ वाचलं, दुसऱ्यात ‘चिक्कंबुरि’. हा शब्द ओळखीच्या संस्कृत-प्राकृत शब्दांत बसत नाही. तरी तो गावाचं नाव आहे हे संदर्भावरून कळतं, आणि देवटेकला लागूनच चिकमारा नावाचं गाव आजही आहे. मिराशींनी जुनं नाव तिथे नेऊन जोडलं. म्हणजे या शब्दाला तीन साक्षीदार मिळाले : प्राकृत, संस्कृत आणि आजची बोली.

मग ‘चिकंबरि’चा अर्थ काय? इथे पाय घसरतो. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान. गोंडीत ‘मरा’ म्हणजे झाड. लगेच ‘लहान झाडांचं गाव’ असा अर्थ जुळवावासा वाटतो. पण शिळेवर ‘मरा’ नाहीच. तिथे ‘अंबरि’ आणि ‘अंबुरि’ आहे. ‘मारा’ हे शेपूट नंतर बोलता बोलता आलेलं. आजच्या रूपाची फोड करून जुन्या शब्दाचा अर्थ सांगणं म्हणजे नातवाच्या तोंडवळ्यावरून पणजोबांचं बारसं करणं. उरलं ‘चिक्क’, पण एका अवयवाच्या साम्यावर भाषा ठरत नाही. लुवियनच्या अभ्यासकांनाही हीच शिस्त पाळावी लागते : आधी जुनं रूप, मग संदर्भ, आणि भाषाकुळाची चर्चा शेवटी.

तेव्हा निवाडा असा : चिकंबरि कुठे होतं हे सांगता येतं, त्या नावाचा अर्थ सांगता येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या शिवारातल्या बोड्या, टेकड्या आणि उठून गेलेल्या गावांच्या रिठी यांची नावं म्हातारी माणसं जशी उच्चारतात तशीच लिहून ठेवा. सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळवून ती ‘शुद्ध’ करू नका.