रिकाम्या यादीचा अर्थ

सत्यपडताळणीच्या टूलचं डॉक्युमेंटेशन हातात आलं, की मी पहिल्या पानावर रेंगाळत नाही. ते पान बहुधा छानच असतं: इन्स्टॉल करा, एपीआय की टाका, चार ओळींचं उदाहरण चालवा. मी आधी एकच गोष्ट शोधते. टूलला काहीच सापडलं नाही, तर ते काय परत देतं आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे कुठे लिहिलंय का?

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरला बसून अशी टूल्स तपासणाऱ्याला तो प्रश्न टाळता येत नाही. इथल्या बहुतेक दाव्यांची पडताळणी कुणी, कधी केलेलीच नसते.

या वेळी तपासायला आलेलं टूल एआय एजंटला जोडण्यासाठी होतं. एजंट उत्तर लिहिता लिहिता त्याला विचारणार, हे खरं का? अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, तेव्हापासून अशी जोडणी सोपी झाली आहे. त्यात टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती कशी पुरवायची याचा आराखडा मॉडेलपुढे ठेवला जातो. माणसासाठी कितीही पानं लिहा, एजंटच्या वाट्याला सहसा ते वर्णनच येतं. म्हणून या डॉक्युमेंटेशनचे वाचक दोन आहेत आणि तपासणी दोघांच्या बाजूने करावी लागते.

मी दावे इथलेच घेतले. भारत जोडो यात्रा 7 नोव्हेंबर 2022 ला देगलूरमार्गे महाराष्ट्रात आली, हा सोपा दावा होता. बातम्या भरपूर, निकाल बरोबर.

दुसऱ्या दाव्याने खरी परीक्षा घेतली: ‘1956च्या राज्य पुनर्रचनेत अख्खा देगलूर तालुका मुंबई राज्यात आला.’ ऐकायला अगदी खरा. पण राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्याला देताना देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही महसूल मंडळं वगळली, तशीच शेजारच्या मुधोळ तालुक्यातलीही काही. ती आंध्र प्रदेशात गेली. बिचकुंदा आणि जुक्कल आज तेलंगणातल्या कामारेड्डी जिल्ह्यात आहेत. टूल म्हणालं, दावा खरा, शिवाय विश्वासांकही चांगला वरचा. पुरावा म्हणून जोडलेल्या मजकुरात नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेल्याचं वाक्य होतं, मंडळांचा उल्लेखच नव्हता. मग तो आकडा नेमका कशाचा? दावा खरा असण्याच्या शक्यतेचा, की दोन वाक्यं एकमेकांसारखी दिसण्याचा? डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं होतं: शून्य ते एक. पुढे काही नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण एजंट त्या आकड्याच्या भरवशावर ठामपणे बोलतो.

तिसरा दावा पावसाळ्यात फोनवर फिरतात तसला: लेंडी नदीच्या पुलावर पाणी आलंय, रस्ता बंद. टूलने रिकामी यादी दिली. एजंटने लिहिलं, ‘हा दावा खोटा आहे.’ पुलावर खरंच पाणी असेल आणि हे वाचून कुणी मोटारसायकल घातली, तर?

दोष मॉडेलवर ढकलता येईल, पण वर्णनात होतं एवढंच: ‘दावा खरा आहे की खोटा ते तपासते.’ दोनच दारं ठेवली, तर एजंट त्यातल्याच एका दाराने जाणार. मी वर्णनाच्या खाली एक ओळ वाढवली: यादी रिकामी आली तर पडताळणीची नोंद मिळाली नाही एवढंच समजावं, दावा खोटा ठरवू नये. तोच दावा पुन्हा दिला, तेव्हा एजंटने नोंद नसल्याचं सांगून स्थानिक प्रशासनाकडे विचारायला सुचवलं.

हे काही नवं शहाणपण नाही. दावे पडताळण्यासाठीच्या 2018च्या ‘फीवर’ या डेटासेटमध्ये विकिपीडियातल्या वाक्यांवर बेतलेले 1,85,445 दावे आहेत आणि त्यांना वर्ग तीन: आधार आहे, खंडन होतं, पुरेशी माहिती नाही. हा तिसरा वर्ग उत्पादन विकायला निघालं की अनेकदा गळतो. आणि वर्ग ठरलेलेच नसतात, असंही होतं: गूगलच्या फॅक्ट चेक टूल्स एपीआयमध्ये निकालाचा मजकूर पडताळणी करणाऱ्या संस्थेने आपल्या शब्दांत लिहिलेला असतो, ठरीव यादीतून निवडलेला नसतो. अशा स्रोतावर उभ्या राहिलेल्या टूलने निकाल कुणाचा आणि कोणत्या तारखेचा, हेही एजंटला सांगायला हवं.

बाकी उणिवा लवकर सांगून होतात. ‘अनेक भाषा चालतात’ असं म्हटलं होतं, पण भाषांची यादी नव्हती. मराठीत दिलेला दावा आधी इंग्रजीत जातो की तसाच शोधला जातो, ते कळत नव्हतं. पडताळणीच्या नोंदींचा साठा शेवटचा कधी अद्ययावत झाला त्याची तारीख नव्हती, आणि लोकांनी दिलेले दावे सर्व्हरवर किती दिवस राहतात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. एररची पानं मात्र मनापासून लिहिली होती. प्रत्येक एररखाली कारण होतं आणि पुढे काय करायचं तेही. ते मी अहवालात आवर्जून नोंदवलं.

अहवालातली पहिली मागणी साधी ठेवली: पहिल्या पानावरच्या उदाहरणाशेजारी रिकाम्या उत्तराचंही उदाहरण छापा, आणि त्याचा अर्थ सांगणारं वाक्य टूलच्या वर्णनातही घाला.