ऑनलाइन लिलावातली ‘शिवराई’ खरी की बनावट?

शिवराई हे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. पेशवाईतही शिवराया पाडल्या जात. त्यामुळे नुसत्या मजकुरावरून नाणं शिवकालीन ठरत नाही.

खरी शिवराई ठशावर हातोडा मारून पाडत. म्हणून प्रत्येक नाण्यावरची अक्षरं वेगळी सरकलेली, कधी अर्धवट दिसतात. बनावट नाणं बहुधा साच्यात ओततात. मग कडेला जोडाची रेघ आणि अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे राहतात. दोन नाण्यांवर तीच चीर, तेच तुटलेलं अक्षर दिसलं, तर साचा एकच समजा.

बोली लावण्याआधी कडेचा जवळून फोटो मागा. कुणी ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’ मागितलं, तर पैसे देऊ नका. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय.