मूळ घरी, सूची ढगात

लेखमाला : आपला सर्व्हर, आपली जबाबदारी. लेखांक ९

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, पाटणादेवीच्या डोंगराच्या कुशीत, भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख सापडला. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला आणि शके ११२८ चा उल्लेख असलेल्या या लेखात मठाला मिळालेल्या दानांची नोंद केली. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, शेवटचा हिशेब मात्र त्या काळच्या मराठीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून तो उजेडात आणला. पुढे कीलहॉर्न यांनी संपादित केलेला पाठ ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापला गेला. तेव्हापासून चांगदेवाचा शोध घेणारा अभ्यासक आधी तो खंड उघडतो. पाटणपर्यंत पोचतात ते थोडेच.

या आठवड्याचा विषय हाच व्यवहार संगणकावर कसा घडतो, हा आहे. कामांची मूळ नोंद स्वतःच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर राहते आणि तिची सूची कुठल्या तरी कंपनीच्या क्लाउडमधल्या शोधयंत्रात तयार होते. दोहोंना जोडणाऱ्या प्रोग्रॅमला कनेक्टर म्हणतात. विक्रेत्याच्या सादरीकरणात हे काम ‘फक्त टोकन टाका, झालं’ इतकं असतं. टोकन टाकायला खरंच पाच मिनिटं लागतात. अवघड भाग त्यानंतर येतो.

कामांचा माग ठेवणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ॲटलासियन कंपनीचं जिरा २००२ पासून आहे. २००६ मध्ये आलेलं रेडमाइन फुकट आणि मुक्त स्रोत. आणि मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट. ईआरपीनेक्स्टमध्ये हिशेब, साठा, खरेदी यांच्या जोडीला प्रोजेक्ट, टास्क आणि इश्यू हे भाग असतात आणि ते स्वतःच्या मशीनवर परवाना-शुल्काशिवाय चालवता येतं. जिराचा स्वतःच्या मशीनवरचा मार्ग मात्र आता बंद होत चालला आहे. ‘सर्व्हर’ आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला, आणि मोठ्या संस्थांसाठीची ‘डेटा सेंटर’ आवृत्ती २८ मार्च २०२९ ला संपणार, असं कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. तोवर ज्यांची नोंद घरात आहे आणि शोध क्लाउडमध्ये हवा आहे, त्यांना कनेक्टर लागणारच.

समजा, चाळीसगाव तालुक्यात सौर कृषी पंप बसवणारी आणि त्यांची देखभाल करणारी एक छोटी संस्था आहे. कुसुम योजनेतल्या पंपांची देखभाल पुरवठादाराला पाच वर्षं करावी लागते. मेहुणबारे, वाघळी, बहाळ अशा गावांतून येणारी प्रत्येक तक्रार ईआरपीनेक्स्टमध्ये टास्क म्हणून नोंदली जाते. पत्रव्यवहार ईमेलमध्ये, कोटेशनं सामायिक फोल्डरमध्ये, फोटो आणखी तिसरीकडे. पाच वर्षांत या नोंदी हजारोंच्या घरात जातात. ‘या मॉडेलचा कंट्रोलर याआधी कुठे जळला होता?’ असं साहेबांनी विचारलं की तीन ठिकाणी शोधावं लागतं. सगळीकडे एकदम शोधणारी एकच खिडकी हवीशी वाटते ती इथे.

मग जोडणी कुठल्या दिशेने करायची? क्लाउडला कार्यालयात येऊ द्यायचं की कार्यालयाने क्लाउडकडे जायचं? पहिल्या प्रकारात राउटरवर पोर्ट उघडावा लागतो, म्हणजे सर्व्हरचं दार साऱ्या इंटरनेटसमोर येतं. दुसऱ्या प्रकारात कार्यालयाच्याच नेटवर्कमध्ये एक छोटा एजंट बसवतात. तो आतून नोंदी वाचतो आणि बाहेर पाठवतो, बाहेरच्याला आत शिरावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या शोधसेवेला घरातली माहिती जोडताना असाच एजंट विंडोज मशीनवर बसवावा लागतो. लहान संस्थेने दुसरा प्रकारच निवडावा. पोर्ट उघडा ठेवून वर्षानुवर्षं विसरून जाणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे.

जिरासाठी तयार कनेक्टर सहज मिळतात. ईआरपीनेक्स्टसाठी तो बहुधा स्वतः लिहावा किंवा लिहवून घ्यावा लागतो, आणि नवशिक्याची पहिली ठेच इथेच लागते. फ्रापेच्या एपीआयकडे टास्कची यादी मागितली की वेगळं काही सांगितलं नसेल तर फक्त पहिल्या २० नोंदी येतात. जिरा ५० देतं. कनेक्टर हिरवा दिवा दाखवतो, चाचणीत शोध चालतो आणि प्रत्यक्षात सूचीत २० तक्रारी असतात. म्हणून पहिल्या फेरीनंतर मूळ सॉफ्टवेअरमधली एकूण संख्या आणि सूचीतली संख्या शेजारी शेजारी मांडून पाहावी.

रोज सगळ्या नोंदी नव्याने वाचणं परवडत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीपासून कनेक्टर ‘मागच्या वेळेनंतर काय बदललं’ एवढंच विचारतो. आता घड्याळं आडवी येतात. फ्रापे साइटच्या सेटिंगमधली वेळ नोंदवतं, म्हणजे आपल्याकडे भारतीय वेळ. क्लाउडमधलं यंत्र बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. जिरात तर शोधवाक्यातली वेळ ज्या खात्याने विचारली त्या खात्याच्या टाइमझोननुसार लावली जाते. गोंधळ एका दिशेने झाला तर साडेपाच तासांचं काम पुन्हा पुन्हा होतं आणि बिल थोडं फुगतं. दुसऱ्या दिशेने झाला तर साडेपाच तासांतले बदल सूचीत कधीच पोचत नाहीत आणि कुणाला पत्ताही लागत नाही. उपाय सोपा आहे. कनेक्टरने स्वतःचं घड्याळ वापरूच नये. शेवटच्या वाचलेल्या नोंदीवरची ‘बदलल्याची वेळ’ खूण म्हणून जपावी आणि पुढच्या वेळी तिच्या काही मिनिटं मागून सुरुवात करावी.

बदललेलं असं सापडतं. पुसलेलं सापडत नाही, कारण जी नोंदच उरली नाही ती ‘बदललेल्यां’च्या यादीत कशी येणार? पुसलेली तक्रार त्यामुळे क्लाउडच्या सूचीत जिवंत राहते, शेतकऱ्याच्या नाव-फोनसकट. फ्रापेत सोय अशी की पुसलेल्या कागदांची वेगळी नोंद राहते, ती कनेक्टरला वाचता येते. जिरात नोंद पुसली जाताच निरोप पाठवणारा वेबहुक लावता येतो. निरोप हुकण्याचा धोका दोन्हीकडे आहे, म्हणून आठवड्यातून एकदा सूची आणि मूळ यांची पूर्ण पडताळणी हवी.

त्या पडताळणीतही एक खोच आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराचं पाणी चाळीसगाव शहरात शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा दिवशी तळमजल्यावरचा सर्व्हर बंद असणार. नेमका तेव्हाच पडताळणीचा कार्यक्रम चालला आणि ‘एकही नोंद सापडत नाही’ याचा अर्थ त्याने ‘सगळ्या नोंदी पुसल्या’ असा लावला, तर सूची रिकामी होते. सर्व्हर उत्तर देत नाही आणि सर्व्हर म्हणतो नोंद नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कनेक्टर लिहिणाऱ्याने हा फरक केला आहे का, हे नेटची वायर काढून तपासता येतं.

आता सगळ्यात नाजूक भाग : कोणाला काय दिसावं. सर्व नोंदी वाचता याव्यात म्हणून कनेक्टरला मोठ्या अधिकाराचं खातं दिलेलं असतं. सूचीत त्यामुळे सगळंच येतं. मूळ सॉफ्टवेअरमध्ये वाघळीच्या तंत्रज्ञाला फक्त त्याच्या भागातल्या तक्रारी दिसत असतील, तर शोधाच्या खिडकीतही तेवढ्याच दिसायला हव्यात. म्हणजे प्रत्येक नोंदीबरोबर ‘ही कोण पाहू शकतो’ ही यादीही क्लाउडमध्ये गेली पाहिजे, आणि घरातलं खातं व क्लाउडमधलं खातं एकाच माणसाचं आहे हेही जुळलं पाहिजे. घरच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाने वैयक्तिक ईमेल दिलेला असतो, क्लाउडमध्ये कंपनीचा. मग जुळणी फसते. फसली तर त्या माणसाला काहीच दिसू नये, हे बरं. काही ठिकाणी उलट ठरवलेलं असतं : अधिकारांची माहिती नसेल तर नोंद सर्वांना खुली. हा पर्याय दिसला की तो तिथल्या तिथे बंद करावा.

एवढं केलं तरी फटी राहतात. जिरात एखादी प्रतिक्रिया ठरावीक गटापुरती मर्यादित ठेवता येते. कनेक्टरने सगळ्या प्रतिक्रिया नोंदीच्या मजकुरात एकत्र गुंडाळल्या तर ती मर्यादा पुसली जाते. फ्रापेत एकाच कागदातले काही रकाने ठरावीक भूमिकांपासून लपवता येतात. शोधयंत्रं मात्र बहुतेकदा अख्ख्या कागदाला एकच परवानगी लावतात. आणखी एक : एखाद्याला गटातून काढलं तर तक्रारीची ‘बदलल्याची वेळ’ बदलत नाही. कामगार नोकरी सोडून गेला, मूळ सॉफ्टवेअरचं दार त्याला बंद झालं, पण फक्त बदल वाचणाऱ्या कनेक्टरला त्याची खबरच नाही. अधिकारांची फेरी म्हणूनच मजकुराच्या फेरीपासून वेगळी आणि जास्त वेळा चालवावी लागते.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून वेगळा, आणि विक्रेते त्याबद्दल सहसा बोलत नाहीत. जगातल्या बऱ्याच शोधयंत्रांच्या मुळाशी लुसीन हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. डग कटिंग यांनी ते १९९९ मध्ये लिहिलं, जिराचा आणि इलास्टिकसर्चचा शोध त्यावरच उभा राहिला. त्यात हिंदी, बंगाली यांच्यासाठी शब्दाचं मूळ रूप काढणारी यंत्रणा आहे. मराठीसाठी तशी तयार यंत्रणा त्यात नाही. मराठी शब्द तर सामान्यरूपात अंगच बदलतो. ‘विहीर’ शोधलं तर ‘विहिरीवरचा पंप बंद’ ही तक्रार सापडत नाही, कारण दोन्हींत अक्षरंच वेगळी आहेत. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा दाब कमी’ मिळत नाही. तंत्रज्ञाने अहिराणीत टिपण लिहिलं असेल तर बोलायलाच नको.

अर्थावरून शोधणारी नवी पद्धत इथे कामाला येते. तीत मजकुराचं आकड्यांच्या मालिकेत रूपांतर होतं आणि जवळच्या अर्थाची वाक्यं जवळ येतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीसाठी महाबर्ट हे मॉडेल खुलं केलं. इलास्टिकसर्च किंवा ओपनसर्चसारख्या यंत्रात असं आपल्या पसंतीचं मॉडेल बसवता येतं. बंद डब्यासारख्या क्लाउड सेवेत कंपनी देईल तेच चालवावं लागतं, आणि ते मराठीत कसं चालतं हे स्वतःच्या शंभरेक तक्रारींवर तपासल्याशिवाय कळत नाही.

जुन्या फायलींची गोष्ट त्याहून वाईट. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं पत्र पडद्यावर शुद्ध मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. शोधयंत्राला ती निरर्थक भासतात. अशी पत्रं तक्रारींना जोडलेली असतील तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. ते न करता घेतलेली कितीही महाग शोधसेवा त्या पत्रांपुरती आंधळीच.

माहिती राहते कुठे, हाही प्रश्न लोक विचारतात. मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१५ पासून पुण्यात आणि मुंबईत आहेत. ॲमेझॉन २०१६ मध्ये आणि गुगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. तरी प्रत्येक सेवा प्रत्येक केंद्रात मिळतेच असं नाही, त्यामुळे करारात केंद्राचं नाव लिहून घ्यावं. सूची ही मूळ मजकुराची प्रतच असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यापुढे शेतकऱ्याचा फोन नंबर मूळ नोंदीत आहे की सूचीत, याने फरक पडत नाही.

सगळा हिशेब मांडला तर पाच-सात माणसांच्या संस्थेने हा उद्योग करू नये. ईआरपीनेक्स्टचा आतला शोध आणि तक्रार लिहिताना पाळलेली शिस्त, म्हणजे गाव, मॉडेल आणि बिघाडाचा प्रकार यांचे ठरलेले रकाने, एवढ्यावर त्यांचं काम भागतं. माणसं पन्नासच्या पुढे गेली आणि माहिती चार-पाच ठिकाणी विखुरली की कनेक्टरचा खर्च पटायला लागतो. ज्यांनी तो आधीच लावला आहे त्यांनी या आठवड्यात एक काम करावं : सर्वांत कमी अधिकाराच्या खात्याने शोधाच्या खिडकीत जाऊन ‘पगार’, ‘कमिशन’ आणि ‘गोपनीय’ हे शब्द टाकून पाहावेत. एक जरी निकाल आला तरी दुरुस्ती होईपर्यंत जोडणी बंद ठेवावी.

पुढच्या लेखांकात जुन्या फाँटांतल्या फायली युनिकोडमध्ये आणण्याची रीत पाहू.