धूर कुठे जाणार?

आमच्या लहानपणी आंघोळीचे पाणी परसात तापत असे. तांब्याचा बंब, मधल्या नळकांड्यात गोवरीचा तुकडा आणि बंबफोड. वरून नरसाळ्यात गार पाणी ओतावे, की तोटीतून तेवढेच कढत पाणी बाहेर. धुराने डोळे चुरचुरायचे, आजी वैतागायची. पण त्या धुराचा एक उपकार होता. तो दिसत होता, म्हणून आपण त्याच्यापासून दूर राहत होतो.

पुढे फ्लॅट आले, बंब वजनावर मोडीत गेला आणि चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आला. नळ सोडला की आपोआप पेटणार, ना राख, ना काजळी. आम्ही खूश होतो.

एका डिसेंबरात आमची शाळकरी नात सुटीला आली होती. आंघोळीनंतर डोके जड होते, असे ती दोनदा म्हणाली. फार कढत पाणी घेतेस, असे सांगून आम्ही विषय संपवला. तिसऱ्या दिवशी सौ. स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "अहो, पाणी वाहतंय, पण बादलीत मग बुडवल्याचा आवाज येत नाही." हाका मारल्या. उत्तर नाही. दाराची कडी तकलादू होती म्हणून दोन धक्क्यांत निघाली. पोर भिंतीला टेकून बसली होती, मान कललेली. गीझर बंद करून तिला गॅलरीत उघड्या हवेत आणले, मग दवाखान्यात. तिथे प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. आज ठणठणीत आहे.

डॉक्टरांनी कारण सांगितले: कार्बन मोनॉक्साइड. एक भाग गॅस पुरता जळायला सुमारे २५ ते ३० भाग हवा लागते. ती मिळाली नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. नळ वाहत राहिला तोवर बर्नरही जळत राहिला. आणि थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर प्लॅस्टिक मीच लावले होते.

बँकेत कर्ज देण्यापूर्वी आम्ही आधी जागा पाहायला जात असू. घरच्या गीझरच्या वेळी मात्र मी आधी किंमत विचारली, मग रंग; जागा मिस्त्रीने ठरवली. या वेळी क्रम बदलला. पहिला प्रश्न: धूर कुठे जाणार?

गॅस गीझर हवाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्यावा. आमची मागची गॅलरी आम्हीच काचा लावून बंद केलेली. म्हणजे धोका एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला असता. सौर बंब उत्तम, पण गच्ची सोसायटीची. तिथे संमती हवी, दक्षिणेकडचे ऊन हवे, पावसाळ्यासाठी दुसरी सोय हवी आणि लांब पाइपातले गार पाणी आधी सोडून द्यावे लागते. तेव्हा १५ लिटरचा विजेचा गीझर ठरला.

त्यालाही तयारी लागतेच. २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. ६ अँपिअरच्या साध्या प्लगला ते झेपत नाही. १६ अँपिअरचा प्लग, बोर्डापासून वेगळी जाड वायर, खरे अर्थिंग, ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे उपकरण आणि बटण बाथरूमबाहेर. भरलेल्या टाकीचे वजन २५ किलोच्या आसपास जाते, म्हणून भिंत भक्कम हवी. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतो म्हणून त्याला कधीही बूच मारू नये. वाढलेला दाब तिथूनच सुटतो. बोअरवेलचे पाणी असेल तर आत क्षार साचतात, म्हणून वर्षाकाठी एकदा टाकी साफ करून घ्यावी. २० अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला सुमारे २० मिनिटे आणि पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. तेवढा धीर धरावा.

इलेक्ट्रिशियनची तीन कोटेशने घेतली. सर्वांत स्वस्त होते त्यात अर्थिंगचा उल्लेखच नव्हता. ते पहिले बाजूला ठेवले.

गीझर बसला त्या दिवशी मी खिडकीवरचे प्लॅस्टिक काढले. विजेच्या गीझरला त्याची गरज नव्हती, तरी काढले. मे महिन्यात नात पुन्हा आली. ती आंघोळीला गेली, की सौ. काहीतरी निमित्त काढून बाथरूमपाशीच घोटाळते. बादलीत मग बुडल्याचा आवाज आला, की मगच स्वयंपाकघरात जाते.