आज्ञावलीचा वेळ कोठे खर्च होतो? प्रोफायलरच्या नोंदींचे आलेखाद्वारे वाचन

बोलींच्या तौलनिक अभ्यासात संगणकाचे साह्य आता नित्याचे झाले आहे. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार, एका शब्दाचा दुसरा शब्द होण्यासाठी कमीत कमी जितके वर्ण बदलावे, घालावे किंवा गाळावे लागतात, तितके त्या दोन शब्दांतील अंतर होय. ब्रेट केसलर यांनी १९९५ मध्ये ही पद्धती आयरिश गेलिकच्या बोलींना लावून दाखविली. प्रमाण मराठीतील 'पाणी', 'डोळा', 'होडी' आणि आगरी-कोळी बोलींतील 'पानी', 'डोला', 'होरी' या जोड्यांत हे अंतर प्रत्येकी एक भरते.

गणना सोपी असली तरी तिचा पसारा मोठा असतो. गावे २०० आणि प्रत्येक गावचे शब्द १०० धरले, तर गावांच्या जोड्या १९,९०० आणि शब्दांच्या तुलना १९,९०,००० होतात. आज्ञावली मंद चालू लागली की काही गावे वगळण्याचा मोह संशोधकास होतो. वसईसारख्या प्रदेशात तो घातक ठरतो. तेथे पश्चिमेस सामवेदी, वाडवळी व कोळी बोली, तर नायगावच्या पूर्वेस जूचंद्र येथे आगरी, असे वैविध्य अवघ्या काही मैलांत आढळते. अशा ठिकाणी एक गाव गाळले तर कदाचित एक बोलीच गाळली जाईल. म्हणून सामग्रीस कात्री लावण्यापूर्वी वेळ नेमका कोठे जातो हे पाहणे अगत्याचे आहे.

हे काम प्रोफायलर करतो. आज्ञावली चालू असताना तिच्यातील कोणते फंक्शन किती वेळा बोलाविले गेले व त्यात किती वेळ गेला, याची तो नोंद ठेवतो. केवळ तर्काने हे सहसा उमगत नाही. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान आज्ञावलींची पाहणी प्रसिद्ध केली, तीत आज्ञावलीच्या चार टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून अधिक वेळ जातो, असे सामान्यतः दिसून आले. तो छोटा भाग कोणता, हाच खरा प्रश्न आहे.

प्रोफायलरची साधी यादी ही भाषाभ्यासकास परिचित असलेल्या शब्दवारंवारितेच्या यादीसारखी असते. कोणता शब्द किती वेळा आला हे तीवरून कळते, पण तो कोणाच्या सान्निध्यात आला हे कळत नाही. त्यासाठी संदर्भसूची लागते. सुसान ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल मॅक्युसिक यांनी १९८२ मध्ये वर्णिलेल्या जीप्रोफ या साधनाने कोणी कोणास बोलाविले याचीही नोंद दिली. मात्र एका फंक्शनचा वेळ बोलाविणाऱ्यांत वाटताना ते प्रत्येक हाक सारख्याच खर्चाची मानते. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये तयार केलेल्या फ्लेम ग्राफमध्ये, म्हणजे ज्वालालेखात, हाकांची संपूर्ण साखळी जपलेली असते.

या आलेखात प्रत्येक फंक्शनसाठी एक आडवी पट्टी असते. खालची पट्टी बोलाविणाऱ्याची आणि तिच्यावरची बोलाविलेल्याची. पट्टीची रुंदी म्हणजे ते फंक्शन व त्याने बोलाविलेली सर्व फंक्शने यांच्या वेळेचा वाटा. ज्या भागावर दुसरी पट्टी नाही, तेवढा वेळ त्या फंक्शनच्या स्वतःच्या कामाचा. वाक्याचे घटकविश्लेषण करणाऱ्यास ही रचना सहज उमगेल.

वरील गणनेचेच उदाहरण घेऊ. युनिकोडमध्ये व्यंजनातील 'अ' स्वतंत्रपणे लिहिला जात नाही, म्हणून तुलनेपूर्वी प्रत्येक शब्द वर्णांत फोडावा लागतो. समजा, हे काम करणारे 'विभाजन' फंक्शन दोन ठिकाणांहून बोलाविले जाते: शब्द वाचताना लेखन तपासण्यासाठी २०,००० वेळा आणि प्रत्येक तुलनेत दोनदा, म्हणजे ३९,८०,००० वेळा. यादीत ४०,००,००० असा एकच आकडा दिसेल व संशोधक 'विभाजन' अधिक जलद करण्याच्या खटपटीस लागेल. आलेखात मात्र 'विभाजन' दोन जागी दिसेल: 'वाचन' या पट्टीवर अरुंद आणि 'तुलना' या पट्टीवर रुंद. दोष 'विभाजना'त नाही. तोच शब्द १९९ वेळा पुन्हा फोडून घेणाऱ्या 'तुलने'त आहे. वाचतानाच मिळालेले वर्ण जपून ठेवले की ३९,८०,००० हाका अनावश्यक ठरतात, आणि एकही गाव गाळावे लागत नाही.

आलेख वाचताना काही गोष्टींचे भान ठेवावे. डावीकडून उजवीकडचा क्रम हा घटनांचा कालक्रम नव्हे. सारख्या साखळ्या एकत्र याव्यात म्हणून पट्ट्या वर्णानुक्रमे लावलेल्या असतात. मूळ ज्वालालेखातील रंगांस विशेष अर्थ नाही. नमुने घेऊन केलेल्या मापनात नमुने थोडे असतील तर अरुंद पट्ट्यांवर विसंबू नये. पायथनमधील सीप्रोफाइल प्रत्येक हाकेची नोंद घेते. त्या नोंदीलाच वेळ लागत असल्याने लहान व वारंवार बोलाविली जाणारी फंक्शने प्रत्यक्षाहून जड भासतात. शिवाय ते संपूर्ण साखळी जपत नाही. म्हणून त्याच्या नोंदी चित्ररूपाने दाखविणाऱ्या स्नेकविझमध्ये साखळीचा काही भाग अंदाजाने जुळविलेला असतो. केकॅशग्राइंडमध्ये दिसणाऱ्या कॉलग्राइंडच्या नोंदी मुख्यतः यंत्रसूचनांची संख्या सांगतात, घड्याळाची वेळ नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे असे की, आलेख खर्चाची जागा दाखवितो, उत्तराची शुद्धता नव्हे. म्हणून दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर मिळालेली अंतरांची कोष्टके ताडून पाहावीत. जूचंद्र आणि अन्य गावे यांमधील एकही आकडा बदलला नसेल, तरच वाचलेला वेळ खरोखर वाचला असे समजावे.