डायलिसिस केंद्र चांगले म्हणजे कसे?

माझे मामा पुणतांब्याला राहतात. गोदावरीच्या काठावरचे, चांगदेव महाराजांच्या समाधीचे हे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावरचे जंक्शन म्हणून प्रवाशांना आणि २०१७ च्या शेतकरी संपामुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मामांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी बाहेरगावी जावे लागते. चांगदेवांनी चौदाशे वर्षे काळाला चकवले, अशी आख्यायिका आहे. मामा म्हणतात, "त्यांच्यापाशी योगबळ होतं, माझ्यापाशी मशीन आहे. मी आपला सोमवारी आणि गुरुवारी चकवतो."

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यासोबत मी चार-पाच वेळा गेले. केंद्राचे नाव देण्याचे कारण नाही; मी जे सांगणार आहे ते कोणत्याही गावच्या केंद्राला लावून पाहता येईल. पहिल्याच दिवशी मी मामांना विचारले, "केंद्र कसं आहे?" ते म्हणाले, "एक नंबर. फरशी बघ, ए.सी. बघ. माणसंही चांगली. चार तास म्हणतात, पण साडेतीन तासांतच मोकळं करतात. परतीची गाडी सापडते."

हे वाक्य त्या वेळी मला अजिबात खटकले नाही. मलाही गाडी सापडायला हवीच होती. पण बाहेरच्या बाकावर बसून वेळ जाता जाईना, तेव्हा जे हाती पडेल ते वाचू लागले, कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारू लागले; आणि मामांनी ज्या गोष्टीसाठी केंद्राला पहिला नंबर दिला होता तिच्याचसाठी त्याचे गुण कापले पाहिजेत, असे माझ्या ध्यानात आले. या लेखाचा विषय तिथे सुरू झाला.

प्रथम डायलिसिस म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्याला 'अपोहन' म्हणतात. पातळ पडद्यातून लहान कण पलीकडे जातात आणि मोठे अलीकडे राहतात, या क्रियेला थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये 'डायलिसिस' हे नाव दिले. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरायची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले उपयोगी यंत्र बनवले. सुरुवातीच्या पंधरा-सोळा रुग्णांपैकी जवळजवळ कोणीच टिकले नाही. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. केवळ जगले-वाचले मोजून निकाल लावणारा एखादा परीक्षक तिथे असता, तर कोल्फ नापास झाला असता. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

मराठी माणसाच्या कानावर हा शब्द प्रथम पडला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले आणि डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले. पुढे पाटण्यातील घरी त्यांच्यासाठी यंत्र बसले. ८ ऑक्टोबर १९७९ ला ते गेले. म्हणजे यंत्राच्या आधारावर ते जवळजवळ चार वर्षे जगले आणि त्या चार वर्षांत देशातले एक सरकार जाऊन दुसरे आले.

आज मामांसारख्या साध्या शेतकऱ्याला ही सोय मिळते. २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यात डायलिसिसचा समावेश आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचीही घोषणा झाली. 'मिळेल का?' हा प्रश्न सुटू लागला की 'कसे मिळते?' हा प्रश्न उभा राहतो.

सेवेची गुणवत्ता मोजायची कशी याचा विचार ज्यांनी केला, त्यांत अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांचे नाव अग्रभागी आहे. बैरूतमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेल्या या डॉक्टरांनी १९६६ मध्ये सांगितले की वैद्यकीय सेवेकडे तीन बाजूंनी पाहावे : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. केंद्रात काय आहे, तिथे प्रत्यक्ष काय केले जाते, आणि त्यातून रुग्णाचे काय होते. फरशी आणि ए.सी. ही रचना झाली. आपण नातेवाईक बहुतेक तिथेच थांबतो, कारण डोळ्यांना तेवढेच दिसते.

रचनेतही जे खरे महत्त्वाचे ते दिसत नाही. ते मागच्या खोलीत असते. तिथे पाणी शुद्ध करण्याचा प्लांट असतो. यंत्रातल्या गाळणीत पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहते व दुसऱ्या बाजूने क्षारांचे द्रावण मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर या वेगाने वाहते. चार तासांचे १२० लिटर झाले. तुम्ही-आम्ही दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि त्यातले वाईट-साईट आतडी व मूत्रपिंडे निवडून टाकतात. मामांचे रक्त मात्र आठवड्याला २४० लिटर पाण्याला केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून भेटते, आणि त्यात काही आले तर बाहेर टाकायला त्यांच्यापाशी मूत्रपिंड नाही. पाण्यात क्लोरामीन राहिले तर तांबड्या पेशी फुटतात. अ‍ॅल्युमिनियम राहिल्याने मेंदूवर आणि हाडांवर कसा परिणाम होतो ते १९७० च्या दशकात पाश्चात्त्य केंद्रांनी अनुभवले. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू या गावी तर धरणातल्या शेवाळाचे विष नीट शुद्ध न केलेल्या पाण्यातून एका केंद्रात पोहोचले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. कालव्याचे, विहिरीचे आणि टँकरचे पाणी आलटून-पालटून वापरणाऱ्या आमच्या भागात ही गोष्ट कोणी दूरदेशीची समजू नये. म्हणून केंद्रात गेल्यावर विचारण्याचा पहिला प्रश्न असा : पाण्यातले क्लोरीन रोज, प्रत्येक पाळीच्या आधी तपासता का? जंतूंची तपासणी दरमहा होते का? त्याची वही दाखवाल का? मी विचारले तेव्हा टेक्निशियन प्रथम हसला, मग त्याने वही काढली. नोंदी होत्या. मला त्या फरशीपेक्षा सुंदर वाटल्या.

आता प्रक्रियेकडे वळू. साडेतीन तासांचा प्रश्न इथला आहे.

निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करते. मामांना यंत्राचे आठ तास मिळतात. जगात बहुतेक ठिकाणी आठवड्यातून तीनदा, म्हणजे बारा तास, हा प्रघात आहे. आपल्याकडे पैसा, अंतर आणि मोकळे यंत्र यांच्या हिशेबात पुष्कळांचे दोनदाच होते. आधीच तुटपुंज्या आठ तासांतून दर खेपेला अर्धा तास गेला तर आठवड्याला एक आणि वर्षाला ५२ तास गेले. चार तासांच्या हिशेबाने पूर्ण तेरा डायलिसिस झालेच नाहीत. कागदावर १०४ वेळा झाले, अंगाला लागले ९१.

यावर कोणी म्हणेल, आणि एका कर्मचाऱ्याने मला तसे म्हटलेही, की युरिया सुरुवातीच्या तासांत झपाट्याने उतरतो, शेवटच्या अर्ध्या तासात विशेष निघत नाही. युरियापुरते यात तथ्य आहे. पण डायलिसिसला दुसरेही काम असते : दोन खेपांच्या मध्ये अंगात साठलेले पाणी काढणे. मामांचे वजन ६० किलो. समजा त्यांच्या अंगात तीन लिटर पाणी साठले आहे. ते चार तासांत काढायचे तर ताशी ७५० मिलिलिटर. साडेतीन तासांत काढायचे तर ताशी सुमारे ८६०. दर किलो वजनामागे ताशी १३ मिलिलिटरच्या वर वेग गेला तर हृदयावर ताण येतो आणि मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो, असे रुग्णांच्या मोठ्या पाहण्यांत आढळले आहे. मामांसाठी ही मर्यादा ताशी ७८० येते. चार तास त्यांना मर्यादेच्या अलीकडे ठेवतात, साडेतीन तास पलीकडे ढकलतात. शेवटी शेवटी पायांत गोळे येणे, रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येणे, घरी येऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहणे, हे सारे मामा 'आजाराचं असतंच' म्हणून सोसत होते. त्यातले काही आजाराचे असेलही. काही मात्र गाडी गाठण्याचे होते.

रक्त पुरेसे शुद्ध झाले की नाही हे मोजता येते. डायलिसिसच्या आधी आणि नंतर युरिया तपासतात. आधी १५० आणि नंतर ५० आला, तर दोनतृतीयांश उतरला. १५० चा ६० आला तर साठ टक्केच उतरला. किमान ६५ टक्के उतरावा असा संकेत आहे, पण तो आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांसाठी ठरलेला आहे. दोनदा करणाऱ्याचे स्वतःचे मूत्रपिंड थोडेफार चालत असेल तरच निभावते. म्हणून दिवसाला लघवी किती होते ही चौकशीही गुणवत्तेचाच भाग आहे. आणखी एक खोच आहे. नंतरचे रक्त पंपाचा वेग कमी करून, ठरलेल्या रीतीने घ्यावे लागते. घाईत घेतले तर नुकतेच शुद्ध झालेले रक्त नमुन्यात मिसळून आकडा फसवा चांगला येऊ शकतो. अर्थशास्त्राच्या वर्गात आकडेवारीच्या उगमाकडे पाहायला आम्हाला शिकवतात. इथे तो उगम म्हणजे सिरिंज.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. हातावर शस्त्रक्रियेने शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात. मानेतल्या नळीपेक्षा त्यात जंतुसंसर्ग पुष्कळ कमी. किती रुग्णांचे डायलिसिस फिस्टुलावर चालते आणि किती जण महिनोन्‌महिने नळीवर आहेत, हे खाटांकडे नुसती नजर टाकली तरी मोजता येते. कावीळ ब असलेल्याला वेगळे यंत्र हवे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे बदलले पाहिजेत. गाळणी धुऊन त्याच रुग्णाला पुन्हा वापरतात त्या ठिकाणी तिच्यावर नाव हवे, तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की ती टाकून दिली पाहिजे आणि जंतुनाशक पूर्ण धुतले गेले की नाही ते तपासले पाहिजे. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास तरी राहते का, तेही पाहावे. मात्र या सर्वांच्या वर मी एक गोष्ट ठेवीन : एका नर्सकडे किंवा टेक्निशियनकडे किती रुग्ण आहेत? रक्तदाब उतरू लागला हे यंत्र सांगते. माणूस गप्प झाला आहे हे माणसालाच कळते.

आता उरले परिणाम. पुष्कळांना वाटते की अमुक केंद्रात वर्षाला किती रुग्ण दगावले एवढे कळले की झाले. इथे कोल्फची आठवण ठेवावी. फार खालावलेले रुग्ण जे केंद्र स्वीकारते तिथे मृत्यू अधिक दिसतील. जे त्यांना मोठ्या दवाखान्यात जायला सांगते त्याचा कागद स्वच्छ राहील. रुग्ण किती आजारी आहेत हे लक्षात न घेता रुग्णालयांच्या मृत्युसंख्येची तुलना करण्यातला धोका फ्लॉरेन्स नाइटिंगेलने एकोणिसाव्या शतकातच ओळखला होता. आणि आमच्या भागात आणखी एक हिशेब सुटतो : यायचे बंद झालेल्यांचा. मामांच्या शेजारच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ असायचे. चौथ्या खेपेला ते दिसले नाहीत. मी विचारले तर "येत नाहीत आता" एवढेच उत्तर मिळाले. ते दुसऱ्या केंद्रात गेले, गाडीभाडे संपले, की ते गेले, याची नोंद कोणाकडेही नव्हती. उपचार योजनेतून फुकट होतो. पण रुग्णाच्या आणि सोबत्याच्या प्रवासाचा खर्च आणि सोबत्याचा बुडालेला रोज त्यात धरलेला नसतो. आठवड्याचे दोन रोज बुडणे म्हणजे काय हे ज्याच्या घरी रोजावर चूल पेटते त्याला विचारावे. माझ्या मते केंद्राची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे : एखादा रुग्ण दोन खेपा चुकला, तर त्याच्या घरी फोन कोण करते?

रुग्णाचे समाधान हाही एक परिणामच आहे आणि डोनाबेडियन यांनी त्याला मान दिला आहे. पण मामा तर पूर्ण समाधानी होते! कर्मचाऱ्यांनाही मी दोष देत नाही. तीन पाळ्या उरकायच्या असतात आणि रुग्णच लवकर सोडा म्हणून मागे लागतात. दोन्ही बाजू खूश राहून एकाचे नुकसान होत होते, असा हा विचित्र व्यवहार आहे.

सुट्टी संपण्याआधी मी मामांना वहीच्या पानावर ८६० आणि ७८० चा हिशेब मांडून दाखवला. ते शेतकरी, मोटारीचा वेग आणि पाटाची फूट यांचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला समजतो. म्हणाले, "म्हणजे जोरात पाणी ओढलं की बांध फुटतो." पुढच्या गुरुवारी त्यांनी टेक्निशियनला सांगितले, "पोरा, पुरे चार तास लाव." त्याने घड्याळाकडे पाहिले, पण लावले. आमची गाडी चुकली. तासभर स्टँडवर बसून मग मिळेल त्या वाहनाने आम्ही दिवेलागणीनंतर पुणतांब्याला पोहोचलो. मामी दारात उभी राहून माझ्यावर रागावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा मामा अंथरुणात नव्हते, गोठ्यात होते.

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळते. मामी म्हणते, गाडी रोज अशी चुकली तर जमायचे नाही. सकाळच्या पाळीत जागा मिळते का याची मामांनी केंद्रात चौकशी केली आहे. यादीत त्यांच्या आधी सहा जण आहेत.