जुनी जर्मन मोटार आणि घरची निगा

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, लोकांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि त्याची बातमी देशभर झाली. त्याआधीच, 2001 साली, त्या शहराजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला होता. स्कोडा मूळची चेक कंपनी, पण मालकी जर्मनीच्या फोक्सवॅगनची आणि इंजिनेही त्याच घराण्यातली. त्या काळच्या गाड्या आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या. तेव्हाची पंधरा लाखांच्या घरातली गाडी आज दीड-दोन लाखांत, म्हणजे एका चांगल्या मोटारसायकलच्या पैशात मिळते. साहजिकच आमच्या येडशीसारख्या गावातली तरुण पोरे तिच्याकडे ओढली जातात. सोलापूर-धुळे महामार्ग दारातून जातो, रस्ता चौपदरी आहे, आणि सुसाट जाणारी गाडी कोणाला आवडत नाही?

पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. सहा महिन्यांत गाडी झाडाखाली उभी राहते, हप्ते मात्र चालू राहतात. असे दोन-तीन संसार मी जवळून पाहिले आहेत, म्हणून आजचा हा विषय.

मी स्वतः येडशीचा. शेतीची अवजारे ठेवायला घराशेजारी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये 2005 सालची ऑक्टाव्हिया आरएस गेली नऊ वर्षे सांभाळतो आहे. ही गाडी भारतात 2004 साली आली. 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. हिचा सांगाडा त्या काळच्या फोक्सवॅगन गोल्फचा आणि ऑडी ए-थ्रीचाच. या नऊ वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. अशा गाड्यांचे लोखंड सहसा खराब होत नाही. त्यांचे रबर, प्लॅस्टिक आणि आतली द्रव्ये म्हातारी होतात. आणि ती किलोमीटरने म्हातारी होत नाहीत, वर्षांनी आणि उष्णतेने होतात. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ठिबकची नळी पाणी सोडा अथवा न सोडा, चार-पाच उन्हाळे खाल्ले की ती तडकतेच. म्हणून ‘गाडी फक्त साठ हजार चालली आहे’ हे ऐकून भुलू नये. वीस वर्षांत साठ हजार चाललेल्या गाडीचे नळ, पट्टे आणि सीलसुद्धा वीस वर्षांचेच असतात.

याचे ठळक उदाहरण मर्सिडीजचे आहे. 1995 पासून पुण्याजवळ पिंपरीत जुळणी झालेल्या डब्ल्यू-124 या मॉडेलची लोखंडी बांधणी इतकी भक्कम, की या गाड्या कित्येक लाख किलोमीटर धावल्या. पण नव्वदीच्या पूर्वार्धातल्या त्यांच्या काही इंजिनांवरील वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन भुगा होते, आणि मग दणकट इंजिनसुद्धा कारण न समजता अडखळू लागते.

आपल्या भागात पहिले लक्ष द्यायचे ते पाण्याकडे. धाराशिव जिल्ह्यात बोअरचे पाणी जड. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. जुन्या जीपने, ट्रॅक्टरने हे सहन केले, कारण त्यांच्या वाटा रुंद होत्या. जर्मन गाडीचे इंजिन ॲल्युमिनियमच्या हेडचे, वाटा अरुंद, त्यात टर्बोची उष्णता. म्हणून बाटलीबंद डिस्टिल्ड पाणी आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेले कूलंट, निम्मे-निम्मे. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. फोक्सवॅगनच्या गाड्यांत जुने निळे-हिरवे आणि नंतरचे लाल एकत्र झाले की तपकिरी गाळ होतो. रस्त्यात अडचण आलीच तर कोणतेही स्वच्छ पाणी घालून घर गाठावे, पण घरी आल्यावर सगळे काढून धुवावे. आणि गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते थेट तोंडावर उडते.

आता तापमानाच्या काट्याविषयी. या गाड्यांचा काटा नव्वदवर स्थिर दिसतो आणि मालक निर्धास्त असतो. पण तो काटा मुद्दामच तसा बसवलेला आहे. प्रत्यक्ष तापमान ऐंशीच्या आसपास असो की शंभराच्या, काटा नव्वदच दाखवतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. काटा हलतो तेव्हा पाणी बरेच तापलेले असते. म्हणून मी डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लहानसा स्कॅनर लावून खरा आकडा पाहतो. तो मोबाइलवर दिसतो आणि स्कॅनर हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. बार्शीकडून बालाघाटचा चढ चढून आल्यावर आकडा दरवेळी पूर्वीपेक्षा चार-पाच अंश जास्त दिसू लागला, तर थर्मोस्टॅट, पंखा, पाण्याचा पंप यांची तपासणी करण्याची वेळ आली असे समजावे.

पाण्याच्या पंपाचा विषय निघालाच आहे. ऑक्टाव्हियाच्या या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. हा बेल्ट तुटला तर पिस्टन वर येताना उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेडचे काम निघते. बेल्टचा खर्च हजारांत, हेडचा लाखाच्या घरात. म्हणून बेल्ट, त्याचे टेन्शनर आणि पाण्याचा पंप हे एकाच वेळी बदलावेत. जुन्या पंपांच्या काही प्रकारांत आतले पाते प्लॅस्टिकचे असते आणि ते तडकते. नवा पंप घेताना धातूच्या पात्याचा मागावा. माझा शिरस्ता पाच वर्षे किंवा ऐंशी हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. जुनी गाडी घेताना मागच्या बदलाची पावती नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असेच धरून चालावे. पुढच्या लॉरा आणि सुपर्बच्या 1.8 टीएसआय इंजिनांत बेल्टऐवजी साखळी आली. साखळी म्हणजे जन्माची निश्चिंती, असा समज आहे. तो बरोबर नाही. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली, तर साखळीचा टेन्शनर सैल झाल्याची शंका घ्यावी आणि गाडी तशीच दामटू नये.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती टर्बोच्या नावावर. गाडी ओढत नाही म्हटले की ‘टर्बो गेला’ हे उत्तर तयार असते. माझ्या एका नातेवाइकाला एका शहरातल्या गॅरेजने असेच सांगून सव्वा लाखाचा अंदाज दिला होता. गाडी माझ्या शेडमध्ये आली. तपासणी अगदी साधी. टर्बोने दाबलेली हवा रबरी नळ्यांतून इंजिनात जाते. टर्बोचे तोंड बुच मारून बंद करायचे, त्या बुचाच्या व्हॉल्व्हमधून हळूहळू हवा भरायची, अर्धा बार पुरेशी होते, एक बारच्या वर जायचे नाही, आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारायचे. सायकलची ट्यूब परातीत बुडवून पंक्चर शोधतात, तोच प्रकार. एका नळीच्या खालच्या अंगाला बुडबुडे आले. नळी आणि दोन क्लिपा बदलल्या, अडीच हजारांत काम झाले. टर्बो खरोखर जातात, नाही असे नाही. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त तेलाच्या पातळ थराचा असतो. म्हणून घाट चढून आल्याबरोबर किल्ली बंद करू नये, शेवटचा एक-दोन किलोमीटर सावकाश यावे. पण आधी तपासायचे आणि मग बदलायचे, हा क्रम सोडू नये.

तेलाच्या बाबतीत डब्यावरच्या ब्रँडपेक्षा मागच्या बाजूला छापलेले मानांकन पाहावे. फोक्सवॅगन घराण्याच्या या पेट्रोल इंजिनांना 502 00 हे मानांकन लागते. कंपनीच्या पुस्तकात पंधरा हजार किलोमीटरचे अंतर असले, तरी आपली धूळ आणि मे महिन्याचे ऊन पाहता मी सात-आठ हजारांनंतर किंवा वर्षाने तेल बदलतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. घाटउतारावर सतत ब्रेक लावताना ते उकळले तर पायाखालचे पेडल थेट खाली जाते. ते दर दोन वर्षांनी बदलावे.

अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. 2025 पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या उसापासूनही इथेनॉल होते, त्याचा आनंदच आहे. पण वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे इंधनाचे नळ आणि सील अशा मिश्रणासाठी बनलेले नव्हते. त्यावर उपाय अवघड नाही. इंजिनातले इंधनाचे रबरी नळ हाताने दाबून पाहावेत. मऊ पडलेले, फुगलेले किंवा तडे गेलेले असतील तर इथेनॉल सोसणारे नवे घालावेत. नळात पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने असते आणि बाजूलाच तापलेला टर्बो असतो. म्हणून गाडीत पेट्रोलचा वास आला तर ‘उद्या बघू’ म्हणायचे नाही. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. उभ्या टाकीत इथेनॉल पाणी ओढते आणि बोनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात.

हत्यारांचे दोन शब्द. या गाड्यांत बारा पाकळ्यांचे आणि चांदणीच्या आकाराचे बोल्ट असतात. त्यात ॲलन की ठोकून बसवली की डोके गोल होते आणि पाच मिनिटांचे काम दिवसभराचे होते. योग्य बिटांचा संच आणि टॉर्क पाना, एवढी दोन हत्यारे आधी घ्यावीत. माझ्या गाडीच्या चाकाचे बोल्ट 120 न्यूटन-मीटरला आवळतात, अंदाजाने पाय देऊन आवळत नाहीत. बीएमडब्ल्यूच्या काही सहा सिलिंडरच्या इंजिनांत तर मॅग्नेशियमच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचे बोल्ट असतात. ते एकदा काढले की टाकून द्यायचे आणि नवे ठरलेल्या कोनात फिरवून बसवायचे असतात.

घरी काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. खाली जायचे तर कोब्यावर किंवा जाड फरशीवर दोन स्टँड हवेत. काळ्या मातीत स्टँड रुततो, आणि विटांवर तोललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. एअरबॅग, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आणि एसीचा गॅस ही कामे जाणकाराकडेच द्यावीत.

शेवटी हिशेब. जुनी जर्मन गाडी घ्यायची असेल तर किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवूनच सौदा करावा. दोन लाखांची गाडी म्हणजे तीन लाखांची समजावी. तेवढे नसतील तर थांबावे; कर्ज काढून हौस करू नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचाही खर्च असतो, तो धरावा. आणि एक साधी वही घालावी. कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला, तेव्हा किती किलोमीटर झाले होते, तो कुठून आणला, हे त्यात लिहीत जावे. गाडी कोणत्या दिवशी काय मागणार, हे ती वहीच आधी सांगते. मग दुरुस्ती दुपारच्या सवडीने आपल्या शेडमध्ये होते, रात्री महामार्गाच्या कडेला करावी लागत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)